घरकामाला मावशी ठेवताय? किल्ली देण्याआधी या गोष्टी ठरवा

कपाटातली सोन्याची पोत जागेवर दिसत नाही. शोधाशोध सुरू होते आणि घरात पहिले नाव निघते ते धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे. दोन दिवसांनी पोत साडीच्या घडीत सापडते. पण तोवर गल्लीत झालेली चर्चा मागे घेता येत नाही. मावशींची बाकीची तीन-चार घरेही सुटतात. चोरी टाळायची आणि हा अन्यायही टाळायचा, तर काय करावे?

गावात प्रश्न वेगळा का?

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावात कामाला येणारी बाई सहसा अनोळखी नसते. तिचे सासर, माहेर सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे कोणी काही विचारत नाही, लिहूनही घेत नाही. दुसरीकडे, बीड जिल्ह्यातून दरवर्षी हंगामात मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला जातात. अनेकांची मुले नोकरीसाठी पुणे-संभाजीनगरला असतात. मागे राहतात म्हातारे आई-वडील किंवा कुलूपबंद घर. अशा वेळी घराची किल्ली मावशींकडेच असते. ओळख आहे म्हणून व्यवहार तोंडी राहतो आणि काही हरवले की तीच ओळख कामी येत नाही.

कामावर ठेवताना काय करावे?

• नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि घरातील एका व्यक्तीचा नंबर लिहून घ्या.
• ओळखपत्राची प्रत पुरेशी आहे, मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. आधारचे फक्त शेवटचे चार अंक दिसतील अशी ‘मास्क्ड’ प्रतही मिळते. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.
• बाहेरगावची व्यक्ती असेल तर आधीच्या घरी चौकशी करा. गावच्या पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्याला कळवून ठेवा.
• पगार, कामाची वेळ, सुट्ट्या, खाडे आणि उचल एका वहीत लिहा. दोघांच्या सह्या किंवा अंगठा घ्या. पैशांवरून होणारे बरेच गैरसमज इथेच मिटतात.
• १४ वर्षांखालील मुलाला किंवा मुलीला घरकामाला ठेवणे हा गुन्हा आहे.

घरात कोणती काळजी घ्यावी?

दागिने आणि मोठी रोकड बँकेत किंवा कुलपात ठेवा. मौल्यवान वस्तूंचे फोटो आणि पावत्या जपून ठेवा. कपाटाच्या किल्ल्या उशाखाली किंवा देवघरात ठेवण्याची सवय सोडा, ती जागा घरात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. बाहेरचे दार उघडण्यासाठी दिलेली किल्ली वेगळी असावी आणि ती कोणाकोणाकडे आहे याची नोंद हवी. कॅमेरा लावला असेल तर मावशींना तसे सांगा. न्हाणीघरात किंवा कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा लावून चित्रण करणे गुन्हा ठरते.

चोरी झालीच तर?

आधी घरातल्यांना विचारा, मग पोलिसांकडे जा. तातडीची मदत हवी असल्यास ११२ वर फोन करा. तक्रार देण्यासाठी संशयिताचे नाव सांगावेच लागते असे नाही, अज्ञात व्यक्तीविरुद्धही गुन्हा नोंदवता येतो. नोकराने मालकाच्या वस्तूची चोरी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण चौकशी पोलिसांचे काम आहे. मावशींना खोलीत कोंडणे, मारहाण करणे, स्वतः अंगझडती घेणे यामुळे तक्रारदारच आरोपी होऊ शकतो. जाणूनबुजून खोटी तक्रार देणे हाही गुन्हा आहे.

घाईने घेतलेला संशय तपासच भरकटवतो. मे २००८ मध्ये नोएडात आरुषी तलवार हिचा खून झाला, तेव्हा पहिला संशय बेपत्ता घरगडी हेमराजवर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचाही मृतदेह सापडला.

मावशींवर आळ आला तर?

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध वापरता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. तिची झडती महिलेनेच घ्यायची असते. उत्पन्न कितीही असले तरी महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयोगटातील घरेलू कामगार या मंडळाकडे नोंदणी करू शकतात. कामाच्या घरी लैंगिक छळ झाल्यास २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. देशपातळीवर मात्र स्वतंत्र कायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा करता येईल का, हे तपासण्यासाठी केंद्राला समिती नेमण्यास सांगितले.

मावशींची नोंदणी झाली नसेल तर अर्ज भरायला मदत करा. तिच्या नावाची सरकारदरबारी नोंद झाली, तर तिला ओळख मिळते आणि तुमच्याही घराला आधार राहतो.