दिवाळीचा किल्ला आणि विलायती राक्षस

दिवाळीच्या सुट्टींत मुलांनीं अंगणांत मातीचा किल्ला करावा, हा आपल्याकडील जुना प्रघात. आमच्या लहानपणीं कल्याणास त्यासाठीं माती कोणाकडे मागावी लागत नसे. आतां आम्ही डोंबिवलीस सहा मजली इमारतींत राहतों; खालीं सर्वत्र फरशा बसविलेल्या, आणि मातीचें पोतें रोपवाटिकेंतून विकत आणावें लागतें. तरीहि जिन्याशेजारच्या कोपऱ्यांत मुलें दरवर्षीं विटा-दगड रचतात, चिखलांत बुडविलेलें गोणपाट त्यांवर पसरतात आणि उतारावर अळीव पेरतात. दोनतीन दिवसांत हिरवे कोंब फुटले म्हणजे पसाऱ्याविषयीं तक्रार करणारे शेजारीहि पाहावयास येतात.

किल्ल्याचा जीव मात्र चित्रांत. सिंहासनावर शिवाजी महाराज, दरवाजांत पहारेकरी, खालीं गांवांत पाणी भरणाऱ्या बायका, आणि गुहेंत वाघ. पहारेकरी दरवाजाहून उंच असतो व वाघ हत्तीएवढा. मुलांना त्यांत वावगें दिसत नाहीं. अशीं चाळीसएक मातीचीं चित्रें आमच्या घरीं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवलेलीं आहेत. १९६५ च्या सुमारास आमचे थोरले बंधु तात्या यांनीं तीं रंगविलीं.

गेल्या दिवाळींत ह्या शांत राज्यावर परचक्र आलें. कॉलेजांत शिकणाऱ्या आमच्या नातवानें शिल्लक टाकलेल्या पैशांतून विलायती राक्षसांची एक पेटी मागविली. इंग्लंडांतील गेम्स वर्कशॉप ही मंडळी १९८३ पासून ‘वॉरहॅमर’ नांवाचा युद्धाचा खेळ विकीत आली आहे. तो मेजावर, पट्टीनें अंतर मोजून व फासे टाकून खेळतात. सैन्य तयार मिळत नाहीं. प्लॅस्टिकच्या चौकटींत हात, मुंडकीं, ढाली सुट्या येतात. त्या कापून, कानस लावून, चिकटवून ज्यानें त्यानें आपले योद्धे उभे करावयाचे. माणसाची उंची इंचाहून थोडी अधिक! कल्पना अगदींच नवी नव्हे. प्रशियाच्या राइसविट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ मध्यें नकाशावरील लढाईचे नियम छापले होते, आणि खेळण्यांतले शिपाई घेऊन जमिनीवर लढण्याचे नियम कादंबरीकार वेल्स यांनीं १९१३ मध्यें ‘लिट्ल वॉर्स’ ह्या पुस्तकांत दिले. राक्षस मागाहून शिरले.

सणाच्या तोंडावर असलीं ध्यानें घरांत नकोत, असें घरांतील वडील स्त्रियांचें म्हणणें पडलें. नातू म्हणाला, “आजी, नरकचतुर्दशीला अंगठ्याखालीं कारीट फोडायला तूंच देतेस ना? मग तो कोण असतो?” हा मुद्दा गैरलागू होता असें आमचें मत, पण तो चालून गेला.

त्याची रंगविण्याची रीत मात्र पाहण्यासारखी. प्रथम साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ खरवडावयाची. मग काळें अस्तर. त्यावर पातळ रंगाचे दोन हात, कारण एकच जाड हात दिल्यास नाकडोळे बुजतात. पुढें गर्द रंगाचें पाणी सोडलें म्हणजे तें चुण्यांत व खांचांत साचून आपोआप सावली पडते. शेवटीं कुंचला फडक्यास पुसून जवळजवळ कोरडा करावयाचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावयाचा. चिलखताच्या कडांवर ऊन पडल्याचा भास होतो. तात्या खुर्चींतून पाहत होते. ते म्हणाले, “आम्ही डिंकाच्या पाण्यांत रंग कालवीत होतों. डिंक जास्त झाला कीं मावळा घामेजल्यासारखा चकाकतो.”

मग डबा उघडला. कित्येकांचे रंग उडालेले, एका पहारेकऱ्याचा भाल्यासकट हात तुटलेला. नातवानें सर्वच चित्रें खरवडून नव्यानें रंगवितों असें सुचविलें. आम्हांस तें पसंत पडलें व तसें आम्हीं बोलूनहि दाखविलें. तात्या गप्प राहिले. पंचाहत्तरी उलटल्यापासून त्यांच्या हातास कंप आहे. कुंचला त्यांनीं केव्हांच ठेवला. उत्तर वहिनींनीं दिलें. “भाऊजी, तो पहारेकरी तुमच्यावरून काढलेला आहे. दाराशीं उभ्या-उभ्या पेंगत होतां म्हणे.”

आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ किंचित् उघडा. साठ वर्षें तो डब्यांत होता, आणि दरवर्षीं आम्हींच त्यास दरवाजांत उभा केला होता!

खरवडण्याचा बेत राहिला. नातवानें खांद्यांत बारीक भोंक पाडून पितळी तारेचा तुकडा बसविला, हात चिकटविला आणि चिरेपुरताच रंग लावला. चेहऱ्यास हात लावला नाहीं. त्या जोडकामास दोन संध्याकाळ लागल्या.

किल्ला कोणता करावा ह्यावर मुलांत वादंग माजलें होतें. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतल्यापासून कोणी रायगड म्हणे, कोणी साल्हेर. दुर्गाडी त्या यादींत नाहीं. पण १६५७ मध्यें कल्याण घेतल्यावर महाराजांनीं ह्याच खाडीवर आरमाराचा पाया घातला, म्हणून अखेर दुर्गाडीच झाला. परातींत खाडी केली. राक्षसांस पैलतीरीं जागा मिळाली.

पहिल्या आंघोळीनंतर सारें गांव नटूनथटून फडके रोडनें गणेशमंदिराकडे निघालें, तेव्हां आमचीं मुलें चिखलांतच होतीं. तात्यांस खालीं खुर्ची दिली. त्यांनीं भिंग मागविलें, पहारेकऱ्याचा खांदा पाहिला आणि मान हलविली. मग एक राक्षस हातांत घेऊन बराच वेळ न्याहाळला.

“रंग उत्तम,” ते म्हणाले, “पण बाळ, ह्याचा एक डोळा खाडीकडे आणि एक जिन्याकडे पाहतो आहे.”

नातू राक्षसास घेऊन वर गेला, तो फराळालाहि खालीं आला नाहीं.