साहेब उठेपर्यंत

कचेरीची वेळ संपली, हातातले काम उरकले, तरी साहेब खुर्चीवरून उठलेले नाहीत. अशा वेळी हाताखालच्या माणसाने घरी जावे की थांबावे? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु कारकून, शिपाई, मुनीम, दुकानातील गडी, दवाखान्यातील मदतनीस अशा असंख्य माणसांच्या संध्याकाळी ह्या एका प्रश्नावर टांगलेल्या असतात. शिवाय आपल्यापैकी पुष्कळजण कोणाचे तरी साहेब असतात आणि त्याच वेळी कोणाचे तरी मदतनीसही असतात. तेव्हा दोन्ही बाजूंनी विचार करणे आपल्यास सोपे जावे.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद घेऊ. खानदेशातील जळगावापासून वेगळे ओळखता यावे म्हणून शेजारच्या जामोदचे नाव ज्यास जोडले आहे, असे हे तालुक्याचे ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. गावास रेल्वे नाही. आगगाडी पकडावयाची तर नांदुऱ्यास जावे लागते. तहसील कचेरी, न्यायालय, बँका, दवाखाने, कापडाची व किराण्याची दुकाने येथे आहेत; आणि जामोद, आसलगाव, पिंपळगाव काळे अशा आसपासच्या गावांचा व्यवहार येथेच चालतो. अशा गावांहून रोज कामास येणाऱ्या माणसाचा विचार करा. मोठ्या शहरात थोडा उशीर झाला तर पुढची लोकल मिळते. येथे एस. टी. चुकली की पुढची गाडी केव्हा, ही विवंचना सुरू होते. साहेबांचे बिऱ्हाड गावातच असले, तर त्यांना ही विवंचना ठाऊकही नसते. म्हणून ‘जरा थांबा’ ह्या दोन शब्दांची किंमत दोघांना सारखी पडत नाही. त्यातून ती स्त्री असेल, तर पुढे घरची चूलही तिची वाट पाहात असते.

सरकारी कचेऱ्यांपुरते पाहावयाचे, तर राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. शनिवार सुटला, त्याची भरपाई म्हणून रोजची वेळ वाढवून ती सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरविण्यात आली. शिपायांकरिता मात्र साडेनऊ ते साडेसहा. दार उघडणाऱ्याने सर्वांच्या आधी यावे आणि दिवे मालवणाऱ्याने सर्वांच्या मागून जावे, हे त्यात गृहीतच धरले आहे. म्हणजे मागे थांबण्याची पंधरा मिनिटे नियमानेच मोजून दिली आहेत. मोजलेली वेळ माणूस सोसतो, तिच्याभोवती आपला दिवस बसवितो. पीडा होते ती न मोजलेल्या वेळेची.

ही मोजणी आपल्याकडे सहज आलेली नाही. स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज केला; आठवड्याची सुट्टी ही त्यातील एक मागणी होती. रविवारची ती सुट्टी हाती यावयास १८९० चा जून उजाडला. पुढे १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मजूरखाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय विधिमंडळात मांडले. कारखान्यास भोंगा असतो. दुकानास व कचेरीस नसतो. म्हणून त्यांच्याकरिता निराळा कायदा लागला. तसा कायदा मुंबई सरकारने १९३९ साली केला. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात असल्याने तो येथे लागू नव्हता. महाराष्ट्रातील २०१७ च्या नव्या कायद्याने जादा वेळेस दुप्पट वेतन ठरविले खरे, परंतु दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानांस त्या बंधनातून मोकळे ठेवले. तालुक्याच्या पेठेत तर दोन-तीन नोकरांचीच दुकाने बहुधा आढळतात. जेथे कायदा असा मौन धरतो, तेथे धन्याची नीती हाच नोकराचा कायदा ठरतो.

ह्याचा अर्थ घड्याळाचा काटा फिरताच लेखणी खाली ठेवावी, असा नव्हे. २०२३ च्या जुलैत अतिवृष्टीने ह्या तालुक्यास व शेजारच्या संग्रामपूर तालुक्यास पुराने गाठले. अशा प्रसंगी पंचनाम्याचे कागद ‘उद्या पाहू’ म्हणून बाजूस सारणारा कर्मचारी कोणासही आवडणार नाही. मार्चअखेरचे हिशेब, निवडणुकीची रात्र, दवाखान्यात अकस्मात आलेला रोगी, दिवाळीतली दुकानातील गर्दी, ह्या वेळी थांबणे हे कर्तव्यच होय. तेथे माणूस साहेबांकरिता थांबत नाही, कामाकरिता थांबतो.

हा भेद ओळखण्यास तीन प्रश्न पुरेत. पहिला : थांबण्याचे कारण सांगितले आहे काय, आणि शक्य तितके आधी सांगितले आहे काय? दुसरा : त्या वेळेचा मोबदला, पैशाने किंवा दुसऱ्या दिवशीच्या सवलतीने, मिळतो काय? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : घरी आजारी मूल आहे म्हणून ‘आज जमणार नाही’ असे निर्भयपणे म्हणता येते काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर थांबावे, आनंदाने थांबावे. तिन्ही नकारार्थी असतील, तर ते थांबणे निष्ठा नसून केवळ हजेरी आहे.

अशा हजेरीने साहेबांचाही लाभ होत नाही. रात्री बसावेच लागणार हे कळले की दुपारचे काम आपोआप सैल पडते. आणि कुशल माणसापेक्षा नुसता बसून राहणारा माणूस साहेबांच्या नजरेत भरू लागतो. कचेरीची ह्याहून मोठी हानी कोणती?

हाताखालच्या माणसाने नम्रपणे विचारावे, ‘साहेब, काही काम राहिले आहे का? नसल्यास निघतो.’ ह्यात उद्धटपणा काहीच नाही. पण विचारावयाचे धैर्य दर वेळी त्यानेच का दाखवावे? ज्याच्या हाती अधिकार, त्यानेच आधी बोलावे. आपल्यास उशिरापर्यंत बसावयाचे असेल तर खुशाल बसावे. मात्र सहाच्या सुमारास एकदा बाहेर येऊन म्हणावे, ‘तुम्ही निघा, मी कुलूप लावीन.’ ज्या कचेरीत हे वाक्य ऐकू येते, तेथे खरोखरीची अडचण आली असता कोणासही थांबवून घ्यावे लागत नाही.