भाजीपाल्यात जिवाणू खते: पाकिटातील जिवाणू मुळांपर्यंत जिवंत पोहोचवा

पळसदेव परिसरात उजनीच्या फुगवट्यामुळे पाण्याची सोय झाली आणि उसाबरोबर टोमॅटो, वांगी, मिरची, कांदा ही पिकेही घेतली जातात. इंदापूर तालुक्यातील बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत. अशा जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा मोठा भाग कॅल्शिअमबरोबर बांधला जातो. स्फुरद जमिनीत असतो, पण पिकाला मिळत नाही. शेतकरी पुन्हा डीएपी टाकतो आणि खर्च वाढत जातो.

जिवाणू काय करतात?

- स्फुरद विरघळविणारे जिवाणू (पीएसबी): सेंद्रिय आम्ले सोडून बांधलेला स्फुरद मोकळा करतात. चुनखडीत या आम्लांचा परिणाम मुळांलगतच टिकतो, म्हणून जिवाणू मुळांजवळच द्यावेत.
- अॅझोटोबॅक्टर: हवेतील नत्र स्थिर करतात. फळभाज्या, कांदा, कोबीसाठी वापरावेत.
- रायझोबियम: गवार, चवळी, वाटाणा, घेवडा या शेंगवर्गीय भाज्यांसाठी. पिकानुसार जिवाणूंचा गट बदलतो, तो पाकिटावर पाहावा.

वापर कसा करावा?

1. बीजप्रक्रिया: एक किलो बियाण्यास 25 ग्रॅम जिवाणू खत गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे व सावलीत सुकवून लगेच पेरावे. आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू खत हा क्रम पाळावा. संकरित बियाण्यावर बहुधा आधीच रंगीत बुरशीनाशकाचा लेप असतो. तेथे रोपप्रक्रियाच करावी.
2. रोपप्रक्रिया: 10 लिटर पाण्यात अॅझोटोबॅक्टर व पीएसबी प्रत्येकी 250 ग्रॅम मिसळावे. रोपांची मुळे 10 मिनिटे बुडवून सायंकाळी लागवड करावी आणि लगेच पाणी द्यावे. रोपवाटिकेतून आणलेल्या ट्रेमधील रोपांची माती-कोकोपीटसह मुळे बुडवावीत.
3. जमिनीतून: एकरी प्रत्येकी 2 किलो जिवाणू खत 100 किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सरीत द्यावे.
4. ठिबकमधून: फक्त द्रवरूप खत, गाळून, लेबलवरील मात्रेनुसार द्यावे.

निकाल का मिळत नाही?

जिवाणू खत हा जिवंत माल आहे. ऊन आणि रसायने यांमुळे पेशी मरतात, मग पाकीट वापरूनही फरक दिसत नाही.

- 2006 पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशात आहेत. अंतिम तारीख, जिवाणूचे नाव व पेशींची संख्या पाहून पावतीसह खरेदी करावी. भुकटीत प्रति ग्रॅम किमान 5 कोटी, तर द्रवरूपात प्रति मिली किमान 10 कोटी पेशी असाव्यात.
- उन्हातल्या फळीवरचे पाकीट घेऊ नये. घरीही खताच्या पोत्यांजवळ ठेवू नये.
- युरिया, सुपर फॉस्फेट वा ताम्रयुक्त बुरशीनाशकात मिसळू नये. किमान आठवड्याचे अंतर ठेवावे.
- ठिबकच्या आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रियेनंतर संच स्वच्छ पाण्याने धुवून काही दिवसांनीच जिवाणू सोडावेत.
- उसाचे पाचट जाळण्याऐवजी भाजीच्या सरीत पसरावे. ओल टिकते, जमीन तापत नाही.

खतात कपात किती?

रासायनिक खत एकदम बंद करू नका. माती परीक्षणानुसार मात्रा ठरवून नत्र व स्फुरदात साधारण 25 टक्के कपात करता येते. पहिल्या हंगामात दोन सऱ्या जिवाणूंशिवाय, पूर्ण खतावर ठेवा आणि तोडणीची वजने वेगळी लिहा. फरक तुमच्याच वहीत दिसेल, त्यावरून पुढची कपात ठरवा. मार्गदर्शनासाठी बारामतीच्या शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.