औषधाची पावती मागायला संकोच कशाला?

मलकापूर कराडला लागूनच, त्यामुळे दवाखाने आणि औषध दुकाने जवळ आहेत. तरी वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला पिशव्यांतून कापलेल्या गोळ्यांचे तुकडे दिसतात. ना तारीख, ना नाव, ना पावती. विचारले की आयाबाया म्हणतात, "उधारीवर देतो बिचारा, त्याला पावती कुठं मागायची?" पण उधारी आपण फेडतोच ना? मग ते उपकार कसले!

दुकानाची पायरी कोणीही चढावी, जात आड येऊ नये, हे संविधानाच्या कलम १५ ने सांगितले. पायरी चढल्यावर दामाचा चोख माल मिळावा, ही त्यापुढची गोष्ट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तो हक्क देतो: मालाची खरी माहिती, निवडीची मोकळीक, सुरक्षितता आणि फसवणूक झाल्यास दाद.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाची पावती देणे दुकानदाराला बंधनकारक आहे. तिच्यावर औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पाहा. चारच गोळ्या घेतल्या आणि तारखेचा भाग दुकानातच राहिला, तर ही पावती हाच तुमचा पुरावा. छापील किमतीत कर धरलेला असतो. वर एक रुपयाही द्यायचा नाही. मुदत संपलेले औषध हाती आले तर ते फेकू नका, पाकिटासह जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. इतर फसवणुकीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

दवाखान्याचेही तेच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' ठरवली. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ते दवाखाने यात येत नाहीत. पण काहींकडून पैसे घेऊन गरिबांना मोफत तपासणाऱ्या दवाखान्यातला मोफत रुग्णही ग्राहकच. हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

दाद मागायची तर सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. वकील लागतोच असे नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. सोबत बिल, चिठ्ठी, तपासणीचे कागद जोडा. ते आजपासूनच एका फाईलीत ठेवा.