राजूर घाटातला इवलासा ट्रक

बुलढाण्याहून मोताळ्याकडे येताना राजूर घाटातले ट्रक आपण नेहमीच पाहतो. तशीच गाडी एक-दशांश आकारात घेऊन, रिमोटने दगडधोंड्यांतून चालविण्याचा छंद जगभर आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ साली टोयोटा हायलक्सचे असे तीन गिअरचे मॉडेल काढले. ही खेळणी महागच. पण सजावटीचे तयार सुटे भाग मागवून आणखी खर्च कशाला? ते काम घरच्या वस्तूंत होते, आणि आमच्या मते खरी गंमत त्यातच आहे.

बॉडी पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर रंग आतून द्यावा लागतो. म्हणून क्रम उलटा: आधी बारीक पट्ट्या, मग मोठा रंग, गडद आधी, फिका नंतर. त्याआधी साबणाने धुऊन कोरडी करावी. स्प्रे अंगणातच मारावा.

चिखल मात्र बाहेरून. आपली काळी माती वस्त्रगाळ करून पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवावी आणि चाकांमागे, दारांच्या खालच्या कडेला लावावी. टपावर नुसती धूळ. तिथे चिखल उडेल कसा? झिजलेल्या कडांवर शिसपेन्सिल घासली की लोखंड चमकल्यासारखे दिसते. कॅरिअरवरच्या पोत्यांत कापूस भरावा, वाळू नव्हे. वजन वर गेले की चढावर ट्रक उलटतो. जड वस्तू खाली, आसाजवळ बसवाव्यात.

लिथियम बॅटरी चार्ज होत असताना मोठ्यांपैकी कुणीतरी जवळ थांबावे. फुगलेली बॅटरी मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.