खर्च झाला, पावती नाही. सवलत गेली: पगारदारांनी तपासाव्यात अशा चार गोष्टी

पाटोदा तालुक्यात शिक्षक, आरोग्य कर्मचारी, बँकेत किंवा सरकारी कार्यालयात नोकरी करणारे आपले अनेक भाऊ-बहिणी दरवर्षी घाईघाईत रिटर्न भरतात. फॉर्म १६ दिला, सही केली, झालं! पण हक्काच्या काही सवलती यात राहून जातात.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. म्हणून पुढचे मुद्दे मुख्यतः त्याहून जास्त उत्पन्न असणाऱ्यांच्या कामाचे आहेत.

१) थकबाकी (एरियर्स): समजा पगार १२ लाख, म्हणजे कर शून्य. त्याच वर्षी जुन्या वर्षांची २ लाख थकबाकी जमा झाली, तर कर थेट ८१,९०० रुपये! कलम ८९ नुसार ही थकबाकी ज्या वर्षांची आहे, त्या वर्षांत तिच्यावर जेवढा कर बसला असता तेवढाच भार राहतो. वरचा फरक माफ होतो. मात्र रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. ही सवलत नव्या-जुन्या दोन्ही पद्धतींत मिळते.

२) अम्मी-अब्बांचं औषधपाणी: आई-वडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या उपचाराचा ५० हजारांपर्यंतचा खर्च कलम ८०डी खाली वजा होतो. अट एकच: पैसे रोख दिलेले नसावेत. बीडला दवाखान्यात नेलं तर यूपीआय किंवा कार्डाने पैसे द्या आणि बिल जपून ठेवा.

३) जकात आणि सदका: गरजू नातेवाइकाला हातात दिलेली रक्कम, वाटलेलं रेशन यावर करात सूट नाही. ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर सूट मिळू शकते; पण २ हजारांच्या वर रोख दिलं तर नाही. संस्थेकडून फॉर्म १०बीई मागून घ्या. जकात अर्थातच कर वाचवण्यासाठी नसते. हक्कदार कोण, हे आधी पाहावं.

४) बँकेचं व्याज: बरेच जण व्याज सवाबच्या नियतीशिवाय गरिबांना देऊन टाकतात आणि रिटर्नमध्ये दाखवतच नाहीत. कायद्याने ते उत्पन्नच आहे, दाखवावंच लागतं. बचत खात्यावरच्या व्याजात १० हजारांपर्यंत ८०टीटीए ची वजावट आहे.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यातली वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते; व्याज मात्र दोन्ही पद्धतींत दाखवावंच लागतं. त्यासाठी रिटर्न मुदतीतच, म्हणजे ३१ जुलैपर्यंत भरावं लागतं. उशीर झाला की नवीच पद्धत लागू. म्हणून दोन्ही पद्धतींनी हिशेब करून मगच ठरवा. गृहकर्ज किंवा मोठी वजावट नसेल तर बहुतेक वेळा नवी पद्धतच स्वस्त पडते.

खोट्या पावत्या लावून परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. नोटीस तुमच्याच नावावर येते, आणि ते हलालही नाही.