पानांचे ठसे

थंडी पडली की झाडांची पाने पिवळी होऊन गळू लागतात. पाऊस संपलेला असतो. जमिनीतला ओलावा कमी होत जातो. पानांवाटे पाणी हवेत उडून जाते. ते वाचावे म्हणून पुष्कळ झाडे पाने टाकतात. हीच पाने पहिली-दुसरीच्या मुलांच्या कामी येतात.

कृती सोपी आहे. नुकती गळलेली, मऊ पाने वेचा. पिंपळाचे पान चांगले. वाळलेले पान नको, ते मोडते. थोडा गेरू पाण्यात दाटसर कालवा. पान पालथे करा. मागच्या बाजूला शिरा वर आलेल्या असतात. त्यांवर चिंधीच्या बोळ्याने गेरूचा हात फिरवा. ती बाजू कागदावर ठेवा. वर दुसरा कागद ठेवून तळहाताने दाबा. पान हलू देऊ नका. मग देठ धरून अलगद उचला. शीर न् शीर उमटलेली दिसेल! या शिरांतूनच पानाला पाणी मिळते, हे मुलाला सांगा.

कोणी म्हणेल, “पोराला शाळेत घातलं ते शिकायला, रंग खेळायला नाही!” पण आपण पहिल्यांदा पाटी घेतली तो दिवस आठवा. नांगर-खुरपे धरणारी बोटे पेन्सिल धरताना कशी आखडत होती! मुलाची बोटे तर कोवळी. किती दाबावे, कसे उचलावे, हे ती अशा कामातून शिकतात. उद्या तीच अक्षर गिरवतील.

तेव्हा मूल रंगलेल्या हातांनी घरी आले तर रागावू नका. ठसा कशाचा, ते विचारा. आणि त्या ठशाखाली मुलाचे नाव तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा.